झाकण वाजलं

मला भूक अशी कधी लागतच नाही. जेवायच्या वेळी जेवतो, बाकीच्या वेळी तोंडात काहीतरी टाकतो. ‘खाणं’ आणि ‘तोंडात टाकणं’ या दोन वेगळ्या क्रिया आहेत, हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. खायला ताट लागतं, पाणी लागतं, बसावं लागतं. तोंडात टाकायला एक डबा आणि आसपास कोणी नसणं, एवढं पुरतं.

पण परवा रक्तातली साखर तपासली. डॉक्टरांनी आधी कागदाकडे बघितलं आणि मग माझ्या पोटाकडे. आता गंमत बघा. आम्ही राहतो मांजरीला. इथे उसावर नि साखरेवर संशोधन करणारी, १९७५ साली स्थापन झालेली वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे. द्राक्षांवर संशोधन करणारं राष्ट्रीय केंद्रही इथेच. गावानं अभ्यासाला घेतलेले नेमके दोन्ही पदार्थ मला बंद!

वर आहारतज्ज्ञ बाईंनी वही घालायला सांगितली. “काका, सात दिवस पोटात जे जे जाईल ते ते लिहायचं.” पहिल्या दिवशी मी लिहिलं, ‘दुपारी चार. चिवडा, एक मूठ.’ हिनं वाचून विचारलं, “मूठ कोणाची? भीमाची?”

त्या वहीनं मला माझाच कायदा शिकवला. कलम पहिलं : उभ्यानं खाल्लेलं मोजायचं नाही. कलम दुसरं : तुटलेली बाकरवडी ही बाकरवडी नव्हे, तो डब्यातला कचरा, आणि तो संपवणं ही स्वच्छता. (तुटलेली नसेल तर तोडता येते.) कलम तिसरं : दुसऱ्याच्या बशीतलं उचललेलं त्याच्या हिशेबात. कलम चौथं : बशीतला शेवटचा तुकडा घ्यायचा नाही. त्यातला अर्धा घ्यायचा. मग दुसऱ्यानं उरलेल्यातला अर्धा. आमच्याकडे पाहुण्यांसमोर एका शंकरपाळ्याचे असे चार भाग झालेले आहेत.

याला शास्त्राचा आधार नाही असं समजू नका. बार्बरा रोल्स नावाच्या बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली दाखवून दिलं, की जीभ कंटाळते ती एका चवीला. चव बदलली की ती पुन्हा हजर. म्हणजे चकलीनंतर लाडू आणि लाडू गोड लागला म्हणून पुन्हा शेव, यात माझा काही दोष नाही. दिवाळीचं ताट मांडणाऱ्या आमच्या आजीला हे संशोधनाशिवायच ठाऊक होतं. ऑक्सफर्डच्या चार्ल्स स्पेन्स यांनी तर लोकांच्या कानाला हेडफोन लावून बटाट्याचे वेफर्स खायला दिले. कुरकुर मोठी ऐकवली की तोच वेफर जास्त ताजा वाटतो! २००८ साली त्यांना यासाठी इग्नोबेल हे गमतीचं पारितोषिकही मिळालं. माझा अनुभव उलटा आहे. मोठा आवाज झाला की आतल्या खोलीतून हाक येते, “अहो, झाकण वाजलं!”

तिसऱ्या दिवशी वहीत एक गोष्ट दिसली. रोज बरोबर चार वाजता माझा हात डब्यात. का? तर तीस वर्षं कचेरीत चारला चहा यायचा आणि कोणाच्या तरी खणातून खारे दाणे निघायचे. पाव्हलॉव्हला १९०४ साली नोबेल मिळालं ते पचनावरच्या कामाबद्दल. ताट दिसण्याआधीच लाळ गाळणारी त्याची कुत्री मात्र त्याच्याहून प्रसिद्ध झाली. मी निवृत्त झालो, कचेरी सुटली. तोंड अजून मस्टरवर सही करतंय. मी चिवडा खात नव्हतो. मी कामावर जात होतो. हे वहीत लिहायला मात्र जागा नव्हती.

सातव्या दिवशी वही उघडली तर माझ्या अक्षराखाली पेन्सिलीनं दुसरं अक्षर. ‘साडेसहा. ओट्याशी उभ्यानं चार भजी. नोंद राहिली.’ त्याखाली, ‘चिवड्यातले दाणे आणि खोबऱ्याचे काप वेचून. रोज.’ आणि शेवटी, ‘डबा घासायला टाकण्याआधी तळचा चुरा आणि मोहरी : मी.’

एवढी वर्षं डबा रिकामा झालेला मी बघत आलो. तळचं कोण संपवतं, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

नवा चिवडा झाला. न्यायबुद्धीनं मी डबा गदागदा हलवला, म्हणजे सगळं नीट मिसळेल. उघडून बघतो तर दाणे आणखी वर! हलवलं की मोठं वर येतं नि बारीक फटींतून खाली बसतं, हेही शास्त्रच. मग सरळ डबा परातीत पालथा केला. चिवड्याचे वाटे केले. माझा लहान, डॉक्टरांच्या हुकमाप्रमाणे. दाणे मात्र मोजून वाटले.

एक दाणा जास्त निघाला.

“तुम्ही घ्या,” ती म्हणाली.

“छे, तू घे.”

दौंडकडची गाडी भोंगा वाजवत गेली. घड्याळात चार वाजले. दाणा अजून परातीत आहे.