आपल्यापुरती नक्कल

जुन्या नाटक कंपन्यांमध्ये नटाच्या हाती पूर्ण नाटक पडत नसे. त्याला मिळायची ती नक्कल, म्हणजे त्याच्या एकट्याच्या भाषणांची हाताने उतरवलेली प्रत. समोरच्याच्या वाक्याचे शेवटचे दोन-चार शब्द, त्याखाली आपलं भाषण, पुन्हा दोन-चार शब्द, पुन्हा आपलं भाषण. कंपन्या गेल्या, पण नक्कल गेली नाही; शाळेच्या स्नेहसंमेलनात ती अजून आहे. चौथीतल्या मुलीला वहीचं एक पान मिळतं. त्यावर बाईंनी ठसठशीत अक्षरात तिची पाच वाक्यं लिहिलेली असतात, आणि प्रत्येकाच्या वर कंसात, ‘राजा हसतो, मग तू’. ते पान चौघडी होऊन कंपासपेटीत जातं, घड्यांवर विरतं, डब्यातलं तेल लागून एका कोपऱ्यात पारदर्शक होतं. प्रयोगाच्या दिवशी ते सापडत नाही, पण तोवर वाक्यं तोंडपाठ झालेली असतात. त्या वयाला तेवढं पुरे. मला बोलायचं आहे ते तिच्या पुढच्या वर्षांबद्दल. आठवीपासून वर शाळेत नाट्यवर्ग चालवायचा असेल, तर सगळ्यात आधी एक लहानसं, करता येण्याजोगं, पूर्ण नाटक निवडावं आणि त्याची प्रत वर्गातल्या प्रत्येकाला वाचायला द्यावी. अभिनयाचे सिद्धांत, रंगभूमीचा इतिहास, खेळांची पुस्तकं हे सगळं त्याच्या मागून यावं.

याचं कारण नक्कल काय शिकवते त्यात आहे. ती वाट पाहायला शिकवते, आपल्या पाळीची. समोरचा काय म्हणतोय याच्याशी मुलीचा संबंध त्याच्या शेवटच्या दोन शब्दांपुरता उरतो. आणि रंगमंचावर बोलण्यापेक्षा ऐकण्याचं काम कितीतरी जास्त असतं. भालदाराला चार वाक्यं असतात, पण तो दरबारात वीस मिनिटं उभा असतो. नक्कल हातात असलेला भालदार त्या वीस मिनिटांत फक्त उभा असतो. पूर्ण संहिता वाचलेल्या भालदाराला ठाऊक असतं की या दरबारात आज कुणाचा तरी घात होणार आहे, आणि त्याच्या हातातल्या काठीवरची पकड आपोआप बदलते. आपण रंगमंचावर नसताना आपल्याबद्दल काय बोललं गेलं, हेही नकलेत कधीच नसतं. माणूस रंगवण्यासाठी लागणारी निम्मी माहिती तिथे असते, दुसऱ्यांच्या तोंडी.

हीच मुलगी अकरावीत जाते तेव्हा तिला पाठ्यपुस्तकात नाटक भेटतं. बालभारतीने 2019 साली काढलेल्या अकरावीच्या मराठी युवकभारतीत नाटक हा साहित्यप्रकार स्वतंत्रपणे घेतला आहे आणि ‘हसवाफसवी’, ‘ध्यानीमनी’ आणि ‘सुंदर मी होणार’ या तीन नाटकांतले उतारे त्यात आहेत. निवड चांगली आहे, आणि भाषेच्या पुस्तकात जागा मोजकी असते हेही मला मान्य आहे. पण उतारा ही शेवटी अख्ख्या वर्गाला मिळून दिलेली एक नक्कलच. ‘ध्यानीमनी’त एक आई आपल्या मुलाची अखंड काळजी करत असते, आणि नाटक बरंच पुढे गेल्यावर कळतं की तो मुलगा मुळी नाहीच. हे आधी परिचयात सांगितलं तर कळण्याचा क्षण जातो, आणि सांगितलं नाही तर उतारा अर्धा कळतो. दोष निवडणाऱ्यांचा नाही; ते नाटक ज्या पायावर उभं आहे ती उशिरा उघडणारी गोष्ट तुकड्यात मावत नाही, इतकंच. ‘हसवाफसवी’चंही तसंच. दिलीप प्रभावळकरांनी ते लिहिलं आणि त्यात स्वतः सहा भूमिका केल्या. एकच देह सहा वेळा निराळा होऊन समोर येणं ही त्या नाटकाची जान, आणि ती पाचव्या-सहाव्या प्रवेशापर्यंत पोचल्याशिवाय कळत नाही.

उताऱ्याच्या जागी सिद्धांताचं पुस्तक ठेवलं तर परिस्थिती आणखी अवघड होते. भरताच्या नाट्यशास्त्रातले आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक हे चार अभिनय कुठल्याही परिचयपर पुस्तकाच्या पहिल्या धड्यात असतात. मुलं त्यांच्या व्याख्या पाठ करतात, उत्तरपत्रिकेत लिहितात आणि विसरतात. तेच चार शब्द रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’तल्या चेटकिणीला लावून पाहा. तिचं वाकणं, तिचा आवाज आणि तिचे केस वेगवेगळे काढून दाखवता येतात. मग मुलांना विचारता येतं की हे तिन्ही जमले तरी एखादी चेटकीण खोटी का वाटते. त्या प्रश्नापाशी चौथा शब्द स्वतःहून येतो. स्तानिस्लावस्कीसारख्यांची पुस्तकं मी शिक्षकाच्या टेबलावर ठेवीन. पंधरा वर्षांच्या मुलाच्या हातात ती आधी दिली तर तो स्वतःच्या भावना तपासत बसतो आणि शेजारी उभ्या असलेल्या नटाकडे बघायचं राहून जातं.

इथे एक वजनदार आक्षेप येतो. संहिता लागतेच कशाला? कोकणातला दशावतार लिखित संवादांशिवाय रात्रभर उभा राहतो. खेळाआधी आख्यान ठरतं, कोण कुठलं सोंग घेणार ते ठरतं, आणि नट आयत्या वेळी बोलतात. व्हायोला स्पोलिनने 1963 साली उत्स्फूर्त नाट्यखेळांचं पुस्तक प्रसिद्ध केलं, आणि तेव्हापासून जगभरच्या नाट्यवर्गांत हे खेळ रुजले. मुलांना मोकळं करण्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नाही. पण दशावतारी नट कोऱ्या पाटीने रंगमंचावर जात नाही. रामायण, महाभारत, पुराणं त्याच्या कानावर लहानपणापासून पडलेली असतात, समोर बसलेल्या गावालाही ती माहीत असतात. म्हणजे तिथे कागद नाही, पण पूर्ण नाटक प्रत्येकाजवळ आहे. नववीच्या एका वर्गातल्या चाळीस मुलांमध्ये अशी सामाईक गोष्ट आज क्वचितच असते. ती पुरवण्याचं काम छापील संहिता करते. आणि ती हातात आली की उत्स्फूर्ततेला खरं काम मिळतं: नाटककाराने न लिहिलेला प्रवेश करून पाहायचा. दोन अंकांच्या मधल्या रात्री त्या घरात काय झालं असेल? मुलं याचं उत्तर उभं राहून देतात, आणि त्यांनी संहिता किती वाचली आहे हे कुठल्याही चाचणीपेक्षा तिथे स्पष्ट दिसतं.

मग कोणतं नाटक? मोठ्यांच्या गाजलेल्या नाटकाचं कापून काढलेलं लहान रूप मला नको वाटतं, आणि उपदेशासाठी बेतलेल्या बोधनाटिका तर त्याहून नकोत. त्यांत माणसं नसतात, सूचना असतात. मराठीत शोधायला फार लांब जावं लागत नाही. जोतीराव फुल्यांनी 1855 साली लिहिलेलं ‘तृतीय रत्न’ घ्या. त्यात एक कुणबी जोडपं आहे, त्यांना भीती घालून लुबाडणारा जोशी आहे, आणि मधेमधे येऊन भाष्य करणारा विदूषक आहे. दक्षिणा प्राइज कमिटीने ते त्या काळी नाकारलं होतं. विषय शिक्षणाचा, नेपथ्य जवळपास शून्य, आणि विदूषकाची भूमिका चार मुलांत वाटून देता येते. जुनी भाषा अडेल असं शिक्षक म्हणतील; मोठ्याने वाचली की ती बोलीसारखी चालायला लागते. अकरावी-बारावीसाठी तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ वर्गात वाचावं असं माझं ठाम मत आहे. सामंत या पात्राला कोर्ट कसं चालतं हे दाखवायला त्यातली मंडळी खोटा खटला मांडतात, आणि खेळ बघता बघता शिकार होतो. नाटक म्हणजे काय हे त्याच्या पोटातूनच कळतं. विषय मुलांना झेपणार नाही, पालक विचारतील, ही भीती मला खोटी वाटत नाही. म्हणूनच अशा नाटकाचं वर्गातलं वाचन आणि स्नेहसंमेलनातला प्रयोग या दोन वेगळ्या गोष्टी ठेवाव्यात. एका बाईला घेरून सगळे बोलतात तेव्हा गप्प बसलेल्यांचं काय, हा प्रश्न सतरा वर्षांच्या मुलामुलींना नवा नसतो. तो त्यांनी कट्ट्यावर पाहिलेला असतो.

गुणांचा प्रश्न उरतो, आणि पैशांचा. पूर्ण नाटकावर परीक्षा कशी घेणार, असं विचारलं जातं. उत्तर प्रतीतच आहे. प्रत्येक मुलाने आपल्या वाट्याच्या प्रतीत पेन्सिलीने खुणा करायच्या: कुठे थांबलो, कुणाकडे पाहिलं, कुठे उठलो, तालमीत काय बदललं. त्या खुणा तपासता येतात आणि त्यांची नक्कल करता येत नाही. हक्कांची धास्तीही थोडी कमी व्हावी. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात, शाळेतल्या शिक्षक-विद्यार्थ्यांनी त्यांच्याच पालकांसमोर केलेल्या प्रयोगाला सूट आहे. तिकीट लावून बाहेर करायचा तर लेखकाची परवानगी घ्यावी, मानधन द्यावं. खर्चाचं म्हणाल, तर शाळेच्या कपाटात बारा नाटकांची एकेक प्रत असते आणि ती कुणी काढत नाही. त्याऐवजी एका नाटकाच्या बारा प्रती घ्याव्यात, तिघा-चौघांत एक. पुढच्या वर्षी त्याच प्रती नव्या तुकडीला द्याव्यात, आधीच्या खुणा न खोडता. नवी मुलगी पान उलटेल, तिच्या वाक्याशेजारी कुणीतरी पेन्सिलीने लिहिलेलं असेल, ‘इथे लगेच बोलू नकोस’, आणि खाली दुसऱ्या अक्षरात, ‘मी बोलले, जमलं’.