गफलतीचा पडदा

मुलाला नोकरी लागली की आपल्या घरांत पहिला प्रश्न असतो, पगार किती? त्यात वावगे काही नाही. चूल पगारावरच पेटते. पण आम्हा शिक्षकांना अशा वेळी डॉ. सय्यद आबिद हुसैन आठवतात.

जन्म १८९६, भोपाळ. अलाहाबाद, ऑक्सफर्ड आणि मग बर्लिनची डॉक्टरेट. इंग्रजी अमदानीत एवढ्या शिक्षणावर मोठ्या हुद्द्याची नोकरी सहज मिळाली असती. जर्मनीत झाकिर हुसैन आणि मुहम्मद मुजीब यांची सोबत होती. इकडे दिल्लीत जामिया मिल्लिया पैशांअभावी बंद पडायच्या बेतात होती. १९२६ मध्ये तिघेही जामियात आले. १९२८ मध्ये जामियाच्या सेवकांनी प्रतिज्ञा केली: वीस वर्षे सेवा करू आणि महिना दीडशे रुपयांपेक्षा जास्त घेणार नाही.

आबिदसाहेब तिथे तत्त्वज्ञान आणि साहित्य शिकवत. त्याआधीच, १९२५ मध्ये, त्यांचे ‘पर्दा-ए-गफलत’ हे उर्दू नाटक प्रसिद्ध झाले होते. त्यात एका मुसलमान जमीनदार घराण्याची पडझड आहे, आणि घरातल्या बायकांची घुसमटही. गफलत म्हणजे बेसावधपणा. हा पडदा दारावरचा नाही, मनावरचा आहे.

पुढे त्यांनी गटेचे ‘फाउस्ट’ आणि गांधीजींची आत्मकथा उर्दूत आणली. १९५६ चा साहित्य अकादमी पुरस्कारही त्यांना मिळाला. पण आम्हाला त्याहून मोलाचे वाटते ते त्यांचे घर. पत्नी सालिहा आबिद हुसैन मौलाना हालींच्या घराण्यातल्या. त्या स्वतः उर्दूतल्या नामवंत कादंबरीकार झाल्या. नाटकातला सवाल या घराच्या उंबऱ्याबाहेर राहिला नाही.

दहावीचा निकाल लागला की मुलीचा दाखला न्यायला अब्बा येतात. गुण चांगले असतात. पुढे काय, असे विचारले तर उत्तर येते, “सर, कॉलेज लांब पडतं.” त्याच घरातला भाऊ त्याच बसने त्याच कॉलेजात जात असतो. मुलगी काही बोलत नाही, दाखल्याची घडी करत उभी राहते.

आबिदसाहेबांचे नाटक जुने झाले, जमीनदारी गेली. पडदा मात्र अजून काही घरांत तसाच आहे, आणि तो सरकवायला दीडशे रुपयेही लागत नाहीत.