नवे इंजिन, जुने जोड

नागपूरहून अमरावतीकडे निघाले की महामार्गावर वाडी लागते. रस्त्याच्या दोन्ही अंगांना गोदामे, ट्रान्सपोर्टच्या कचेऱ्या आणि त्यांच्या आश्रयाने उभी राहिलेली गॅरेजेस. धर्मग्रामाच्या ओम्नीचे इंजिन थकले, तेव्हा आम्ही वाडीचीच वाट धरली. ओम्नीचे उत्पादन २०१९ मध्ये थांबले. पण तिचे तीन सिलिंडरांचे, ७९६ सी.सी.चे इंजिन जुन्या मारुती ८०० मध्येही असल्याने सुस्थितीतले एक मिळाले. ते चढविले, गाडी सुरूही झाली. पण उभ्या जागी ती हिवताप भरल्यासारखी थरथरे आणि रेस दिली की क्षणभर अडखळून मगच पुढे सरके. मध्यरात्री अत्यवस्थ रुग्णाच्या अभ्यंगासाठी बोलावणे येते. तेव्हा अशा गाडीचा भरवसा कसा धरावा? सोबतच्या मंडळींनी निकाल दिला, “इंजिनच खराब आहे, परत करा.”

वृद्ध मिस्त्री मात्र शांतपणे म्हणाले, “फादर, इंजिनले नाव नका ठेवू. पहिले जोड पाहू द्या.”

त्यांनी एकेका प्लगची वायर काढून पाहिली. जी काढल्यावर चाल अधिक बिघडते, तो सिलिंडर कामाचा. जी काढूनही फरक पडत नाही, तो आधीपासूनच निजलेला. येथे तिन्ही जागे होते. रेस वाढविली की थरथर नाहीशी होई. त्यावरून त्यांनी ताडले की कुठून तरी चोरहवा आत शिरते आहे. इंजिन संथ चालते तेव्हा कार्बोरेटरची झडप जवळजवळ मिटलेली असते. आत ओढ मोठी, पण हवा थोडीच लागते. अशा वेळी बारीक चीरही पेट्रोल-हवेचे प्रमाण बिघडविते. वेगात पुष्कळ हवा आत येते, त्यामुळे तीच चीर जाणवत नाही. शोधता शोधता व्हॅक्यूमची एक रबरी नळी चिरलेली सापडली. ती जुन्या गाडीचीच होती.

अडखळणे तरीही उरले. इंजिन रबरी फाउंडेशनवर बसते आणि रबरातून वीज वाहत नाही. म्हणून त्याला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारी अर्थिंगची पट्टी लागते. ती गंजावरच आवळलेली होती. रेस दिली की सिलिंडरातील दाब वाढतो आणि ठिणगीही जोरकस लागते; नेमकी तेव्हाच ती दुबळी पडे. गंज खरवडून पट्टी आवळली, नळी बदलली आणि चाल सुधारली. नव्या इंजिनात काहीच दोष नव्हता.

परमेश्वराने यहेज्केल संदेष्ट्याच्या मुखाने नव्या हृदयाचे अभिवचन दिले आहे. आपण ते श्रद्धेने ऐकतो. पण व्यसनमुक्ती केंद्रातून परतलेला आपलाच माणूस दारात उभा राहिला की आपली श्रद्धा डळमळते. सहा महिने तो दारूला शिवलेला नसतो. कामावर असतो तोवर ठीक चालतो. संध्याकाळी रिकामा बसला की थरथरतो. कोणी जबाबदारी टाकली की अडखळतो. मग घरचेच म्हणतात, “हा काही बदललेला नाही.” क्वचित त्याला घराबाहेरही काढले जाते.

इंजिन बदलले की १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार त्याची नोंद आर.टी.ओ.त करून घ्यावी लागते. ती आवश्यकच, पण नोंदीने जोड घट्ट होत नाहीत. प्रायश्चित्त संस्काराने लाभलेल्या कृपेलाही जुन्याच घरात, जुन्याच नात्यांत काम करावयाचे असते. जुनी उधारी, कोपऱ्यावरची जुनी संगत, जेवताना ऐकू येणारा टोमणा, कुलूपबंद कपाट ह्या त्या घरातल्या चिरलेल्या नळ्या. त्यांतल्या काही त्याच्या हाती आहेत, पण पुष्कळशा आपल्या हाती आहेत.

म्हणून वाचकहो, ज्यांच्या घरी असा पुत्र, बंधू अथवा पती परतला असेल, त्यांना आमची विनंती आहे. त्याच्या हृदयाचा निकाल लावण्याआधी त्याची संध्याकाळची रिकामी घटका पाहा. त्या वेळी त्याच्याजवळ बसा, घरच्या रोझरीत त्याला एक दशक म्हणावयास द्या, बाजारहाटाचे पैसे त्याच्या हाती विश्वासाने ठेवा. पुन्हा अडखळला, तर पुन्हा जोड तपासा. इंजिन परत घेणारे दुकान असते. माणूस परत करण्यासाठी मात्र कोठेही दुकान नाही.