जड उचलू नका

लघुनिबंध शिकवताना आम्ही वर्गात दरवर्षी सांगतो की, फडके-खांडेकरांच्या पिढीने हा प्रकार मराठीत रुजवला तो क्षुल्लक विषयांच्या बळावर. त्या दृष्टीने ‘किरकोळ शस्त्रक्रिया’ हा विषय आदर्श ठरावा. थोडे भय, थोडी गंमत, सक्तीची विश्रांती आणि खिडकीतून दिसणारे एखादे झाड. गेल्या दिवाळीच्या तोंडावर हा विषय आमच्याकडे आपण होऊन चालत आला. आम्ही म्हणजे नवरा-बायको. राहतो चौसाळ्यात, शिकवतो दोघेही मराठीच. पोट अर्थात एकाचेच होते. पण आजारपण दोघांनी मिळून काढल्यामुळे ‘आम्ही’ हे सर्वनाम येथे व्याकरणदृष्ट्याही बिनचूक आहे.

आजार हर्नियाचा. मराठीत त्याला ‘अंतर्गळ’ असा नेमका शब्द आहे, पण तो आता डॉक्टरही वापरत नाहीत आणि रुग्णही. पोटाच्या भिंतीत एखादी जागा दुबळी होते, तेथून आतडे पुढे येऊ पाहते. ते मागे सारून त्या जागी कृत्रिम धाग्याची जाळी शिवायची. बीडच्या खासगी रुग्णालयात तासाभरात हे काम झाले. भूल कमरेखालचीच असल्याने शुद्ध शाबूत होती आणि पडद्यापलीकडे सोयाबीनच्या भावाची चर्चा ऐकू येत होती. (‘भूल’ या शब्दाला विसर, मोह आणि बधिरता हे तिन्ही अर्थ कसे चिकटले असतील, याचा विचार करण्याइतकी सवड तेथे मिळते.) मंदिराची वा कवितेची आठवण वगैरे काही झाली नाही. तहान मात्र विलक्षण लागली.

शेजारच्या खाटेवर अपेंडिक्स काढलेला बारा वर्षांचा मुलगा होता. त्याची आई चौसाळ्याच्याच बाजूची, बालाघाटाच्या एका वाडीतली. वय पस्तिशीच्या आसपास. ऊसतोडीला जाणारी. दसरा होऊन गेलेला, मुकादमाची गाडी चार-पाच दिवसांत निघायची होती. तिला डॉक्टरांना एकच प्रश्न विचारायचा होता आणि तो विचारायला धीर होत नव्हता, म्हणून आमच्यातल्या बाईमाणसाला तिने तो आधी विचारला, “मॅडम, ह्याला गाडीत बसवून नेलं तर चालंल का?”

दुसऱ्या दिवशी सकाळी राऊंडला आलेल्या डॉक्टरांनी आम्हाला सांगितले, “सहा आठवडे जड उचलायचं नाही. पाण्याची बादलीसुद्धा नाही.” ती लक्ष देऊन ऐकत होती. डॉक्टर गेल्यावर म्हणाली, “मपलं पिशवीचं झालं तव्हा मलाबी असंच सांगितलं व्हतं. टाके काढले आन् आठ दिवसांनी गाडीत बसलो. उचल घेतली व्हती ना.”

मराठीच्या अध्यापकाला हे वाक्य ऐकून गप्प बसणे कठीण. उचल म्हणजे हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम; ती नवरा-बायको अशा जोडीला मिळते आणि त्या जोडीलाच ‘कोयता’ म्हणतात. अवजाराचे नाव माणसांना देणारी ही लक्षणा पाठ्यपुस्तकात उदाहरण म्हणून अजून आलेली नाही. कोयता मोडला, म्हणजे दोघांतले एक आजारी पडले, तर दिवसाचा ‘खाडा’ धरतात आणि उचलीवरचे देणे वाढते. मजुरी टनावर. तोडलेल्या उसाची मोळी बांधायची आणि डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत न्यायची. एकेक मोळी तीस-चाळीस किलोंची. फडात ही मोळी पुष्कळदा बाईच्याच डोक्यावर असते. तेव्हा ज्याने उचल घेतली त्याने उचलणे आलेच, आणि डॉक्टरांचा सल्ला त्याच क्रियापदावर अडतो.

‘पिशवीचं’ या शब्दाबद्दलही लिहिले पाहिजे. गर्भाशय काढणे ही वैद्यकाच्या हिशेबाने मोठी शस्त्रक्रिया. बोलीत मात्र पिशवी बाजारची असावी तशी ‘काढून टाकतात’. जून २०१९ मध्ये तत्कालीन आरोग्यमंत्र्यांनी विधान परिषदेत सांगितले की, बीड जिल्ह्यात तीन वर्षांत अशा ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्या. पुढे डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या अहवालात, पाहणी केलेल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. कारणांची चर्चा त्या वेळी पुष्कळ झाली : कर्करोगाची घातलेली भीती, फडावर न्हाणी-संडास नसणे, पाळीच्या दिवसांचा खाडा. त्यानंतर जिल्ह्यात अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी लागू लागली. आमच्या मते हा नियम चांगला आहे. पण तो शस्त्रक्रियेच्या आधी संपतो. नंतरचे सहा आठवडे कोणी द्यायचे, हे मुकादम ठरवतो.

आम्हाला ते शासनाने दिले. परिवर्तित रजेचा अर्ज, वैद्यकीय प्रमाणपत्र, पूर्ण पगार. मांजरसुंब्याचा घाट ओलांडून घरी येईपर्यंत प्रत्येक गतिरोधक टाक्यांत मोजला, एवढीच काय ती यातना. मग शहाळी घेऊन येणारे शेजारी, “किरकोळच की हो सर” हे ठरलेले वाक्य, उशाशी पुस्तके. नळ आठवड्याने येतो. त्या दिवशीच्या घागरी आमच्यातल्या दुसऱ्या निम्म्याने उचलल्या, नोकरी सांभाळून. रजेतले तास घेतले ते तासिका तत्त्वावरील एका सहकाऱ्याने. त्याला नोव्हेंबरात डेंग्यू झाला तेव्हा तासही गेले आणि त्या तासांचे मानधनही. तोही मराठीतच एम.ए. आहे, शिवाय नेट उत्तीर्ण.

मुलाचे पुढे काय झाले ते वाडीतल्या एका विद्यार्थ्याकडून कळले. त्याला आजीपाशी ठेवून आईवडील कर्नाटकात एका कारखान्यावर गेले. टाके आजीने एस.टी.ने बीडला नेऊन काढून आणले. मुलगा बरा आहे, शाळेतही जातो.

डिसेंबरात आम्ही दोघेही वर्गावर हजर झालो. द्वितीय वर्षाच्या पटावरची निम्मी मुले तेव्हा फडावर होती. उरलेल्यांना बोलीभाषेचा प्रकल्प म्हणून घरातून शब्द गोळा करायला सांगितले, तर पहिल्याच दिवशी फळा भरला : फड, मोळी, वाढे, टायरगाडी, खाडा, उचल. ‘उचल’पुढे अर्थ लिहायला एक मुलगी उठली आणि खडू हातात घेऊन तिने विचारले, “सर, औंदाची लिहू की मागची राहिलेली?”