घडी

ई. कोलाय हा मोठा कामसू जिवाणू. माणसाच्या ग्रोथ हार्मोनचा जीन त्याच्यात घातला आणि तो जीन चालू करणाऱ्या आयपीटीजीचे थेंब सोडले, की तीन-चार तासांत तो प्रथिनाचा ढीग लावतो. १९१ अमिनो आम्लांची साखळी बिनचूक ओवतो. पण एवढ्या घाईत तिची घडी बसत नाही. मग साखळ्यांचा बोळा होऊन पेशीच्या टोकाला पडून राहतो. या बोळ्याला आम्ही इन्क्लुजन बॉडी म्हणतो.

बर्फात ठेवलेल्या बीकरमध्ये सोनिकेटरचं किंचाळणं सोसत पेशी फोडायच्या, सेंट्रिफ्यूज करायच्या. नळीच्या तळाशी खडूसारखा पांढरा गोळा बसतो. तो ८ मोलर युरियात विरघळवायचा. खताच्या गोणीत असतो तोच युरिया, फक्त शुद्ध. त्यात साखळी मोकळी होते. आता युरिया काढून घेतला की झालं!

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी मलाही असंच वाटलं होतं. दाट द्रावण डायलिसिसच्या पिशवीत भरलं, पिशवी थेट बिनयुरियाच्या बफरमध्ये सोडली आणि घरी गेले. सकाळी पाहते तर पिशवीत नासलेलं दूध! मॅडम म्हणाल्या, "अगं, एवढ्या गर्दीत कुणाला पदर सावरता येईल का? आधी पातळ कर."

तेव्हापासून आधी युरियातच पातळ करते. मग चार अंशांच्या थंड खोलीत युरिया पायरीपायरीने उतरवते: सहा, चार, दोन, शून्य. सोबत ग्लुटाथायोन, म्हणजे गंधकाचे दोन टाके योग्य जागी पडतात. जेलवर २२ किलोडाल्टनपाशी निळा पट्टा दिसला तरी मी हुरळत नाही. ती जेल प्रथिन उलगडूनच वजन सांगते, घडीचं तिला काय! खरी साक्ष या हार्मोनला दाद देणाऱ्या एनबी२ पेशींची. घडी बरोबर असली तर त्या वाढू लागतात.

१९८५ पर्यंत हे हार्मोन मृतांच्या मेंदूतल्या पियुषिका ग्रंथींतून काढत. त्यातून काही मुलांना मेंदूचा जीवघेणा क्रॉयट्झफेल्ड-याकोब आजार झाला. ते औषध थांबलं आणि त्याच वर्षी अमेरिकेत जिवाणूंनी बनवलेल्या हार्मोनला मान्यता मिळाली. थंड खोलीत कुडकुडताना हे आठवतं, आणि युरिया उतरवण्यात जाणारे तीन दिवस फार वाटत नाहीत.

घडीची खूण साखळीतच असते, हे दाखवणाऱ्या अ‍ॅनफिन्सन यांना १९७२ मध्ये नोबेल मिळालं. आपण फक्त गर्दी हटवायची.

परवा एका विद्यार्थिनीची पिशवी अशीच पांढरी झाली. मी काही बोलले नाही. कपाटातून मोठा बीकर काढून तिच्यापुढे ठेवला.