एमी टीचर, मुक्काम पोस्ट पालेगाव

‘‘टीचर, आय वॉन्ट टू कॉपी.’’

पहिला दिवस, पहिला तास, पहिला विद्यार्थी आणि त्याचं पहिलं वाक्य हे! कुठल्याही मास्तरणीचं होईल तेच माझं झालं. भुवया वर, आवाज कडक. ‘‘नो नो, कॉपी इज नॉट अलाउड!’’ स्क्रीनच्या पलीकडे बसलेला चाळिशीचा इंजिनीअर एकदम ओशाळला. मग त्याने हातातला मग हळूच कॅमेऱ्यासमोर धरला. त्यातून वाफा येत होत्या.

कॉफी! बिचाऱ्याला कॉफी प्यायची होती आणि मी त्याला दहावीच्या परीक्षेला बसवलं होतं.

कोरियन भाषेत ‘फ’ नाही हे मला त्या दिवशी कळलं. तिकडे कॉफीची ‘कोपी’ होते आणि पिझ्झाचा ‘पिजा’. हसू आलं, पण लगेच गावाकडची आजी आठवली. ती फोनला असा काही दमदार ‘फ’ लावायची की समोरची मेणबत्ती विझावी. तेव्हा कुणी कुणाला हसायचं?

तर मंडळी, मी कोरियन लोकांना इंग्रजी शिकवते. कोरियात नाही हं, पालेगावात. दोन बेडरूमच्या फ्लॅटमधल्या त्यातल्या छोट्या बेडरूममध्ये, कपाटाला पाठ लावून. पालेगाव कुठे, असं दादरची मैत्रीण अजूनही विचारते. ‘अंबरनाथ ईस्ट, एमआयडीसीच्या बाजूला’ असं सांगितलं की ती म्हणते, ‘म्हणजे बदलापूर ना?’ लोकलने दीड तास आणि पुढे शेअर रिक्षा, एवढं ऐकलं की तिच्या चेहऱ्यावर जी दया दाटते, त्यापेक्षा कोरियातली माणसं बरी. त्यांना दादरही माहीत नाही!

२०२०च्या लॉकडाऊनमध्ये नोकरी गेली. फ्लॅटचा हप्ता मात्र कुठेही गेला नाही. मराठी माध्यमातून शिकून, हट्टाने इंग्रजीत एमए केलेलं. ऑनलाइन इंग्रजी शिकवणाऱ्या एका कंपनीची जाहिरात दिसली आणि अर्ज ठोकला. प्रत्यक्ष कोरियात जाऊन हे काम करायचं तर इंग्रजीच्या शिक्षकांचा व्हिसा साधारणपणे सातच देशांच्या लोकांना मिळतो. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. त्या यादीत आपण नाही. इंटरनेटला मात्र व्हिसा लागत नाही.

इंटरनेटला व्हिसा लागत नाही, पण नाव लागतं. कंपनीच्या बाईंनी गोड आवाजात सांगितलं, ‘‘विद्यार्थ्यांना तुमचं नाव उच्चारायला कठीण जाईल. एमी ठेवू या का? आणि मागे प्लेन भिंत असू दे. कुठून बोलताय ते विचारलं तर विषय बदला.’’ मी ‘ओके’ म्हटलं. हप्ता पाच तारखेला असतो.

त्या रात्री नवऱ्याने मला उल्हासनगरचा तो जुना विनोद ऐकवला. वस्तूवर ‘मेड इन यूएसए’ छापलंय ना, म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’! फाळणीनंतर सगळं मागे टाकून आलेल्या सिंधी कुटुंबांनी कल्याणच्या लष्करी छावणीत, पत्र्याच्या आणि बराकींच्या जागेत संसार मांडले. १९४९मध्ये त्या छावणीचं उल्हासनगर झालं. नंतर तिथे काय बनत नव्हतं ते विचारा! ‘‘आता तूही त्यातलीच,’’ नवरा म्हणाला. ‘‘एमी, मेड इन यूएसए. रिक्षाने वीस मिनिटं.’’

मी हसले. पण ते कुठेतरी रुतून बसलं.

माझे विद्यार्थीही काही खऱ्या नावाने येत नव्हते म्हणा. इंजिनीअरसाहेबांचं नाव होतं ‘केव्हिन’. चौथीतली एक चिमुरडी होती ‘ऑलिव्हिया’. म्हणजे बघा, पालेगावातली खोटी एमी कोरियातल्या खोट्या केव्हिनला विचारणार, ‘व्हॉट इज युअर नेम?’

ऑलिव्हिया म्हणजे वादळ. तिच्या शाळेत तिसरीपासून इंग्रजी असतं, कोरियात १९९७पासून तसा नियमच आहे. पण आईबाबांना तेवढ्यावर चैन कुठे? शाळेनंतर ‘हागवॉन’, म्हणजे आपले क्लासेस, आणि त्यानंतर मी. एकदा तिने स्पेलिंग अगदी बरोबर लिहिलं म्हणून मी कौतुकाने स्क्रीनवर तिचं नाव मोठ्ठ्या लाल अक्षरांत काढलं. शेजारी स्टारही. पोरगी किंचाळलीच! मागून आई धावत आली. कोरियात जिवंत माणसाचं नाव लाल रंगात लिहिणं अशुभ मानतात, मरणाशी जोडतात, हे कुणी सांगावं मला? आमच्याकडे लाल म्हणजे कुंकू, शालू आणि मास्तरांचं पेन. मी घाईघाईने हिरवा रंग घेतला. तेव्हापासून माझ्याकडे सगळे विद्यार्थी हिरवेगार आहेत.

जून २०२३मध्ये तर तिने कमालच केली. ‘हाऊ ओल्ड आर यू?’ या जगातल्या सगळ्यात सोप्या प्रश्नावर ती बराच वेळ बोटं मोजत बसली. मग म्हणाली, ‘‘टीचर, लास्ट वीक इलेव्हन. नाऊ नाइन.’’ मी ग्रामर तपासलं. ग्रामर ठीक होतं, गणित गंडलं होतं. पण नाही, गणितही ठीकच होतं! त्यांच्या जुन्या हिशेबात बाळ जन्मतःच एक वर्षाचं असतं आणि दर एक जानेवारीला सगळ्यांचंच वय वाढतं. डिसेंबरात जन्मलेलं पोर महिन्याभरात दोन वर्षांचं! २८ जून २०२३पासून सरकारी कामाला जगासारखंच वय धरायचा कायदा लागू झाला आणि अख्खा देश एका दिवसात वर्ष-दोन वर्षांनी तरुण झाला. हे सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘‘मला त्या देशात नेऊन सोड गं.’’

केव्हिनची गंमत वेगळी. तो मला कधी नावाने हाक मारायचा नाही, एमी म्हणूनही नाही. कायम ‘टीचर’. कोरियात शिक्षकाचं नाव घेणं उद्धटपणा. म्हणजे आपलं ‘बाई’च की! तास संपला की कॅमेऱ्यासमोर कमरेत वाकायचा, त्यामुळे शेवटचं दृश्य नेहमी त्याच्या भांगाचं. वाक्यं त्याची उलटी यायची. ‘आय रिपोर्ट टुमारो बॉस गिव्ह.’ मला ती उलटी वाटेनात म्हणून मी चक्रावले. मग लक्षात आलं, कोरियनमध्ये क्रियापद मराठीसारखंच शेवटी येतं. ‘मी उद्या साहेबांना रिपोर्ट देतो.’ तो कोरियनमध्ये विचार करत होता आणि मला ते मराठीत समजत होतं. मधल्या मध्ये इंग्रजीचे हाल!

आणि रोज तासाच्या सुरुवातीला ठरलेला प्रश्न, ‘‘टीचर, डिड यू ईट राइस?’’ मी रोज सुधारायचे. ‘‘केव्हिन, वी से, हाऊ आर यू?’’ तो मान डोलवायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा भात.

मग तो दिवस उजाडला. नोव्हेंबर महिना. विषय होता लिसनिंग. केव्हिन सांगत होता, त्यांच्याकडे नोव्हेंबरात विद्यापीठ प्रवेशाची देशभर एकच परीक्षा असते. तिच्यातला इंग्रजी श्रवणाचा भाग सुरू असताना देशभरात विमानं ना उडत ना उतरत. साधारण अर्धा तास आकाश गप्प! कशासाठी? तर मुलांना इंग्रजी नीट ऐकू यावं.

नेमकं त्याच क्षणी गावात कुणाच्या तरी हळदीचा डीजे सुरू झाला.

ज्यांनी आमच्याकडची हळद ऐकली नाही त्यांना काय सांगू! खिडकीची काच थरथरते, मग ग्लासातलं पाणी, मग आपण. मी माइक बंद केला, खिडकी लावली, तेवढ्यात लाइट गेली. डीजेला जनरेटर होता, त्यामुळे तो चालूच. माझा लॅपटॉप बॅटरीवर, नेट मोबाइलवर. घामाघूम होऊन माइक सुरू केला तर दार उघडलं आणि हातात टॉर्च घेऊन सासूबाई. डीजेच्या वरताण आवाज काढून म्हणाल्या, ‘‘अगं, जेवलीस का? किती वेळ उपाशी बसतेस?’’

टॉर्चचा उजेड थेट माझ्या तोंडावर. मागची प्लेन भिंत जाऊन कपाट, त्यावरची बॅग, गणपतीचं कॅलेंडर, सगळं उजळलं. स्क्रीनवर केव्हिन डोळे विस्फारून बघत होता.

‘‘टीचर, व्हॉट मदर से?’’

विषय बदलायचा, असा नियम होता. पण काय बदलणार? डीजेचा विषय कसा बदलतात?

‘‘शी आस्क्ड...’’ मी म्हटलं आणि माझं मलाच ऐकू आलं. ‘‘शी आस्क्ड, डिड यू ईट राइस.’’

पलीकडे दोन सेकंद शांतता. मग तो असा काही हसला की मी त्याला तसं हसताना कधी पाहिलं नव्हतं. ‘‘सेम!’’ एवढंच म्हणत राहिला, ‘‘सेम, सेम!’’ आणि मी किती महिने या माणसाचं ‘जेवलात का?’ खोडून त्या जागी ‘हाऊ आर यू’ घालत होते!

मग मी सांगून टाकलं. मी एमी नाही. मी भारतात आहे, मुंबईच्याही पुढे, पालेगाव नावाच्या गावात. सांगताना मनात हप्त्याचा आकडा फिरत होता. आता हा तक्रार करणार, पैसे परत मागणार.

‘‘आय नो,’’ तो म्हणाला.

‘‘हाऊ?’’

‘‘कुकर. एव्हरी डे, थ्री टाइम.’’ आणि त्याने तोंडाने हुबेहूब शिट्टी काढून दाखवली! त्याच्या घरीही भाताचा प्रेशर कुकर होता. अमेरिकन घरात या वेळी अशी शिट्टी होईल का, असा विचार त्याने कधीच केला होता. इतके दिवस बोलला मात्र नाही. बाईंना अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून.

पुढे तो जे म्हणाला ते अजून डोक्यात आहे. महाराष्ट्रात कोरियन कंपन्या काही नव्या नाहीत. रांजणगावला एलजी कित्येक वर्षं आहे, तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना घ्यायचा करार ह्युंदाईने २०२३मध्ये केला. केव्हिनची कंपनी यापैकी नव्हे, पण त्याचेही रोजचे कॉल पुण्यातल्या लोकांशी असायचे आणि त्याला काही म्हणता काही कळायचं नाही. म्हणाला, ‘‘टीचर, एमी इंग्लिश आय डोन्ट नीड. टीच मी यू.’’

तेव्हापासून आमचे तास बदलले. ‘आय विल ट्राय’ म्हणजे बहुतेक वेळा नाही. ‘फर्स्ट हाफ’ म्हणजे जेवणाच्या आधी. ‘प्रीपोन’ शब्द डिक्शनरीत शोधायचा नाही, मुकाट्याने मीटिंगला लवकर यायचं. समोरचा मान डावीकडे-उजवीकडे हलवतोय, तर घाबरू नका, तो हो म्हणतोय. त्याच्याकडूनही मी शिकले. कोरियन इंग्रजीत दुकानदाराने ‘सर्व्हिस’ दिली म्हणजे काहीतरी फुकट दिलं. आणि ‘टीचर, फायटिंग!’ हे भांडण नसून ‘लगे रहो’ असतं. पहिल्यांदा तो मेसेज आला तेव्हा मी रात्रभर, आपलं काय चुकलं, याचा विचार केला होता.

कंपनीशी माझं पुढे फार जमलं नाही. आता स्वतःच शिकवते, स्वतःच्या नावाने. सगळं गोड झालं असं नाही. नाव बदलल्यावर पहिल्याच आठवड्यात दोघं सोडून गेले, कारण न सांगता. ऑलिव्हियाच्या आईने चार दिवस विचार केला. चौथ्या दिवशी ऑलिव्हिया वेळेवर हजर. आईच्या अटी दोनच होत्या. फी तीच आणि लाल पेन नाही.

माझं नाव वर्षा. कोरियनमध्ये ‘व’सुद्धा नाही, त्यामुळे ते ‘बारुश्या’ होतं. केव्हिनने मला त्याचं खरं नाव सांगितलं, तेव्हा मीही त्याचं असंच काहीतरी करून ठेवलं. ते इथे लिहीत नाही, त्याला विचारलेलं नाही. माझ्या नावाचा अर्थ पाऊस, असं सांगितल्यावर मात्र तो खूश झाला. त्यांच्याकडेही जूनअखेर पावसाळा येतो, त्याला ‘जांगमा’ म्हणतात.

परवा तास चालू असताना मलंगगडाकडून ढग चढून आले आणि पाच मिनिटांत धो धो सुरू झाला. पत्र्यावर असा काही आवाज की एकमेकांचं काही ऐकू येईना. मी खिडकी लावायला उठले, तर केव्हिनने हाताने ‘राहू दे’ अशी खूण केली आणि चॅटवर टाइप केलं, ‘टीचर, लिसनिंग टेस्ट.’

मग आम्ही दोघं पाच मिनिटं पाऊस ऐकत बसलो. त्या पाच मिनिटांचे पैसे मी लावले नाहीत. कोरियन भाषेत सांगायचं तर, सर्व्हिस!