चार चौकटींचा रँक

बारावीपर्यंत मॅट्रिक्स म्हणजे कंसात रांगेनं बसवलेले आकडे. डिटर्मिनंट काढायचा, इन्व्हर्स काढायचा, मार्क पदरात. मग केगावला सोलापूर विद्यापीठात एम.एस्सी.ला आलो आणि आठवड्याभरात आकडेच गायब झाले. ‘एक व्हेक्टर स्पेस घ्या,’ सर म्हणायचे. कुठून घ्या? बहुपदीसुद्धा व्हेक्टर, फलनसुद्धा व्हेक्टर. अकरावीतला बाण कुठे गेला, कुणी सांगेना. रँक मला काढता यायचा, पण काढून हातात काय आलं, ते कळायचं नाही.

उपयोजित पेपरच्या सरांनी आपापल्या परिसरातलं एक मॅट्रिक्स आणायला सांगितलं. कुणी मार्केट यार्डातले कांद्याचे भाव आणले. आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागातलं, विणकरांचं. ताता, म्हणजे माझे आजोबा, हातमागावर बसायचे. त्यांच्या पेटीतला नक्षीचा चौकोनी घरांचा कागद मी नेला. त्यावर तीन तक्ते होते: कोणतं उभं सूत मागाच्या कोणत्या चौकटीत ओवलंय, पायाखालची कोणती पावडी दाबली की कोणत्या चौकटी उचलल्या जातात, आणि पावड्या कोणत्या क्रमानं दाबायच्या. खूण असेल तिथे 1, नसेल तिथे 0.

सर म्हणाले, ‘गुणाकार कर.’ केला, तर उत्तरात कापड! 1 तिथे उभं सूत वर, 0 तिथे आडवं. ओळ गुणिले स्तंभ ही विचित्र रीत कशासाठी, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं: ही पावडी या सुताला उचलते का, हे एकेक चौकट तपासून ठरवायचं आणि बेरीज करायची. कुठे 2 आले तर काय, अशी धास्ती होती. पण एक सूत एकाच चौकटीत असतं आणि एका वेळी पावडी एकच दाबतात, त्यामुळे 2 येतच नाहीत.

रँकचं कोडं इथेच सुटलं. रँक म्हणजे एकमेकींपासून बनवता न येणाऱ्या ओळी किती, एवढंच. उभी सुतं हजार असोत की दोन हजार, चौकटी चार असतील तर त्या कापडाचा रँक चाराच्या वर जात नाही. ताता हे रँक शब्दाशिवाय जाणत होते. चार चौकटींवर फूल येत नाही, म्हणायचे. फुलासाठी जॅकार्ड लागतं. फ्रान्सच्या जॅकार्डनं 1804 च्या सुमारास भोकांच्या पुठ्ठ्यांवर चालणारी युक्ती काढली. तिच्यात नक्षीच्या एका पट्ट्यातलं प्रत्येक सूत वेगळं उचलता येतं, म्हणजे चौकटींची मर्यादाच उठते. आपल्या सोलापुरी चादरीवरची फुलं त्याच जातीच्या मागावरची.

एवढ्यानं मी शहाणा झालो असं नाही. आयगेनव्हेक्टर आला आणि पुन्हा अंधार. कापडाचा आयगेनव्हेक्टर काय, असं विचारलं तर सर हसले. तुझं मॅट्रिक्स उभ्या सुतांकडून आडव्यांकडे जातं, म्हणाले. आयगेनव्हेक्टरला निघालं तिथेच परत यावं लागतं. गूगलची वेबपानांची मूळ क्रमवारी पानाकडून पानाकडेच जाते, म्हणून तिथे तो सापडतो. वहीत उतरवून घेतलं. अर्धं कळलं.

पुढच्या युनिटात सिंग्युलर व्हॅल्यू आहेत. त्या म्हणे आयताकृती मॅट्रिक्सलाही चालतात. शेजारच्या कारखान्यातून चादरीच्या नक्षीचा एक आलेख मागून ठेवलाय.